कोर्ट संपलं, आता पुढे कोण? ड्रग कोर्ट पूर्ण केलेल्या मुलांचा गट उभा करताना

जास्वंद (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे मी पाककृती आणि कुंड्यांतल्या भाज्यांवरच लिहीत आले. आज दुसरंच लिहितेय. लिहू की नको यात दोन महिने गेले.

माझा धाकटा मुलगा दीड वर्षापूर्वी आमच्या काउंटीच्या रिकव्हरी कोर्टातून बाहेर पडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: व्यसनापायी गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला तुरुंगात न पाठवता कोर्टाच्या देखरेखीखाली उपचार देतात, त्याला अमेरिकेत ड्रग कोर्ट म्हणतात. पहिलं १९८९ मध्ये मायामीत सुरू झालं, कोकेनच्या खटल्यांनी तिथले तुरुंग भरून वाहत होते तेव्हा. आता अशी उपचार-कोर्टं देशभर चार हजारांच्या घरात आहेत. न्यू जर्सीने अलीकडे आपल्याकडचं नाव रिकव्हरी कोर्ट केलं.

आमच्या घरी ती तीन वर्षं अशी गेली. रोज पहाटे एका नंबरवर फोन करायचा. रेकॉर्ड केलेला आवाज त्या दिवसाचे रंग सांगायचा. माझ्या मुलाचा रंग निळा. निळा आला की कामाआधी किंवा नंतर, पण त्याच दिवशी, जाऊन लघवीचा नमुना द्यायचा, तोही कोणीतरी समोर उभं असताना. शिवाय समुपदेशन, प्रोबेशन ऑफिसर, आणि सुरुवातीला दर आठवड्याला न्यायाधीशांसमोर उभं राहणं. खूप चिडायचा तो. मीही चिडायचे. आणि मग एके दिवशी ग्रॅज्युएशन झालं. न्यायाधीश खुर्चीवरून उतरून खाली आले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला, अख्खं कोर्ट उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी आयुष्यात कोर्टात रडेन असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठले तर हा जिन्याच्या पायरीवर फोन कानाला लावून बसलेला. तोच नंबर. सगळे रंग शेवटपर्यंत ऐकले आणि फोन ठेवला. दोन-अडीच आठवडे हे रोज चाललं होतं. मी काही विचारलं नाही.

त्याच्याबरोबर त्याच दिवशी ग्रॅज्युएट झालेला एक मुलगा पाच महिन्यांनी गेला. फेंटॅनिल, थोडंसंही जीव घेणारं अफूसारखं तीव्र ड्रग. आम्हाला चार दिवसांनी कळलं, तेही फेसबुकवर कोणीतरी फोटो टाकला म्हणून. कोर्टात असताना हाच मुलगा एका तपासणीला आला नसता तर त्याच संध्याकाळी कोणीतरी दार वाजवलं असतं. ते चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता आम्ही तीन घरं आणि पाच ग्रॅज्युएट मिळून गट सुरू करतोय. एका चर्चच्या तळघरातली खोली मिळाली आहे, एक आड एक मंगळवार. मला विचारायचंय ते असं: न्यायाधीशांना, प्रोबेशनला यात घ्यावं का? अजून कोर्टात असलेल्या मुलांना येऊ द्यावं का? आणि कोणी यायचं थांबलं तर ते आम्हाला कळणार कसं? या क्षेत्रात काम करणारं, किंवा यातून गेलेलं कोणी असेल तर मोकळेपणाने लिहा.

रेवदंडा

ताई, तुमच्या धैर्याला नमस्कार. एक प्रश्न, रागावू नका. एए (दारूसाठी) आणि एनए (ड्रग्जसाठी), व्यसनातून गेलेल्यांनीच चालवलेले हे मदतगट इतक्या वर्षांपासून आहेत. एनए तर कॅलिफोर्नियात १९५३ पासून आहे. प्रत्येक गावात त्यांच्या बैठका असतात. मग वेगळा गट कशाला?

ओहायोकर

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी ओहायोत एका उपचार केंद्रात समुपदेशक आहे. गेली अकरा वर्षं आमच्या काउंटीच्या ड्रग कोर्टाच्या टीममध्ये बसतोय.

आधी रेवदंडांच्या प्रश्नाबद्दल. एनए जरूर असावं, त्याने लाखो जीव वाचवले आहेत. पण त्यांच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्या आणि 'उच्च शक्ती'वरचा विश्वास सगळ्यांना पटतो असं नाही. फेडरल अपील कोर्टांनी १९९६ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये सांगितलं आहे की सरकार माणसाला अशा धार्मिक स्वरूपाच्या कार्यक्रमाला जायची सक्ती करू शकत नाही. त्यामुळे कोर्टातून आलेल्यांमध्ये काही एनएवाले, काही स्मार्ट रिकव्हरी या देवाधर्माशिवायच्या गटातले, काही मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या तलफ आवरणाऱ्या औषधांवर असलेले, काही देवळात जाणारे, असे सगळे असतात. त्यांना जोडणारी एकच गोष्ट असते, ते कोर्ट. तो पहाटेचा फोन, वाट बघत बसायचा तो बाक, एक चूक झाली म्हणून काढलेले तुरुंगातले दोन दिवस. हे एनएमध्ये शेजारी बसलेल्याला सांगून कळत नाही. कोर्टातून गेलेल्याला सांगावंही लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. आमच्या क्षेत्रात एक अभ्यास फार सांगितला जातो: ज्या कोर्टात न्यायाधीश प्रत्येकाला सरासरी किमान तीन मिनिटं देतात, तिथे पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण बरंच जास्त कमी होतं. तीनच मिनिटं. मोठ्या पदावरच्या एका माणसाने नावाने हाक मारून विचारायचं, आईची तब्येत कशी आहे, नोकरीचं काय झालं. ज्यांना शाळेपासून सगळ्यांनी ओवाळून टाकलंय त्यांच्यासाठी ती तीन मिनिटं काय असतात ते मी रोज बघतो. ग्रॅज्युएशनच्या दिवशी आपण त्यांना प्रमाणपत्र देतो आणि ती तीन मिनिटं काढून घेतो. तपासणी, समुपदेशन, ऑफिसर, न्यायाधीश, सगळं एकाच दिवशी बंद. बांधकाम सुकायच्या आधी सेंटरिंग काढल्यासारखं आहे हे.

म्हणून माझा सल्ला: गट ग्रॅज्युएशननंतर सुरू होता कामा नये. शेवटच्या टप्प्यात असलेल्या मुलांना आत्ताच येऊ द्या. ग्रॅज्युएशनच्या दिवशी त्यांच्या ओळखीचे सहा-सात चेहरे आधीच असले पाहिजेत. नंतर पत्ता देऊन 'या कधीतरी' म्हटलं तर कोणी येत नाही.

आणि हे नीट लक्षात घ्या. दीड-दोन वर्षं कोरडं, म्हणजे नशेशिवाय, राहिलेल्या शरीराला जुना डोस झेपत नाही, सहनशक्ती उतरलेली असते. 'एकदाच, पूर्वीइतकंच' म्हणून घेतलं की माणूस श्वास घ्यायचा थांबतो. त्यात आता रस्त्यावर मिळणाऱ्या बऱ्याच ड्रग्जमध्ये फेंटॅनिल मिसळलेलं असतं. तुमच्या मुलाच्या मित्राचं बहुधा असंच झालं असेल. खोलीत नॅलोक्सोनचा, म्हणजे असा ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे ठेवा आणि प्रत्येकाच्या खिशातही द्या. न्यू जर्सीत २०२३ पासून नॅलोक्सोन३६५ योजनेखाली १४ किंवा त्याहून जास्त वय असलेल्या कोणालाही योजनेतल्या औषधाच्या दुकानांत नाव न सांगता फुकट मिळतो. कोणी पुन्हा घेतलं हे कळलं तर त्याला गटातून काढू नका. त्याला गटाची सर्वांत जास्त गरज त्याच दिवशी असते.

हडसनकाठ

मी न्यूयॉर्कमध्ये वकिली करतो, इमिग्रेशन आणि थोडं फौजदारी. ओहायोकर साहेबांशी सहमत आहे, पण दोन गोष्टी सांगणं माझं काम आहे.

पहिली. गटात बोललेल्याला कायद्याचं संरक्षण नाही. उपचार केंद्रातल्या नोंदींना फेडरल नियमांचं कडक संरक्षण आहे, पण चर्चच्या तळघरात स्वयंसेवकांनी चालवलेला गट त्यात बसत नाही. न्यूयॉर्क राज्यात एका माणसाने एएमधल्या सोबत्यांपुढे खुनाची कबुली दिली होती. ते सोबती साक्षीदार झाले, आणि २००२ मध्ये फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की धर्मगुरूशी बोलल्यासारखं संरक्षण त्या बोलण्याला नाही. तेव्हा दरवाजातच सांगा: आज कसं वाटतंय ते बोला, तलफ आली ते बोला, जुन्या गुन्ह्यांचा तपशील इथे नको, तो वकिलाकडे. आणि कोर्टात अजून असलेली मुलं येणार असतील तर प्रोबेशनचं कोणीही खोलीत नसावं. गटाने कोर्टाला काहीही कळवू नये. हजेरीची सही हवी असेल तर ती त्या मुलाने मागितली तरच, आणि 'आला होता' एवढंच लिहून.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांसाठी, कृपया नीट वाचा. न्यू जर्सीत २०१६ पासून रिकव्हरी कोर्ट यशस्वी पूर्ण करणाऱ्याचं सगळं जुनं रेकॉर्ड पुसून घेता येतं, काही गंभीर गुन्हे सोडून. फार चांगली तरतूद आहे, नोकरीसाठी, घरासाठी. पण इमिग्रेशन कायदा ते मानत नाही. ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असलेल्या मुलाने ड्रग कोर्टात शिरताना गुन्हा कबूल केला असेल, तर नंतर खटला रद्द झाला, रेकॉर्ड पुसलं गेलं, तरी इमिग्रेशनच्या लेखी तो दोषी ठरलेलाच राहतो. 'सगळं क्लिअर झालं' म्हणून आजीला भेटायला भारतात जाऊन आलेली मुलं विमानतळावर अडकलेली मी पाहिली आहेत. नागरिक नसलेल्या प्रत्येक ग्रॅज्युएटने प्रवासाआधी, आणि सिटिझनशिपचा अर्ज करण्याआधीही, इमिग्रेशन वकिलाला विचारलंच पाहिजे. गटाने वर्षातून दोनदा तरी एखादा वकील बोलवावा. अंतर परवडलं तर मी येईन, फी नाही.

पेठकर

जास्वंदताई, मी पुण्यात असतो. दारू सुटून १९ वर्षं झाली. इथल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा माणूस आहे, उपचारासाठी गेलो तेव्हा बायकोने माहेरी जायची बॅग भरून ठेवली होती.

आमच्याकडे तुमच्यासारखं कोर्ट नाही. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात १९८५ पासून थोडी वाट आहे, कलम ३९ खाली कोर्ट काही गुन्ह्यांत व्यसनी माणसाला उपचारासाठी सोडू शकतं, पण ती वाट फार कमी लोक चालतात. तरी तुमचा प्रश्न आणि आमचा प्रश्न एकच आहे. आत असताना माणूस बरा असतो. बाहेर पडल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी काय करायचं?

मुक्तांगण सुरू झालं १९८६ मध्ये, अवचट पती-पत्नींनी उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी आधार दिला. त्याला आता किती वर्षं झाली, पण माझ्या मते तिथलं खरं बळ वॉर्डापेक्षा फॉलोअपमध्ये आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, जुने पेशंट बसतात. नवीन सुटलेला माणूस घाबरत येतो आणि पाहतो की हा रिक्षावाला सात वर्षं कोरडा, हे बँकेतले काका बारा वर्षं. व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा होतो. माझ्या पहिल्या वाढदिवसाला बायको समोर बसली होती. माइक हातात आला तेव्हा मला एक वाक्य धड बोलता आलं नाही, पण ती घरी आल्यावर बॅगेतले कपडे कपाटात लावत होती. ती बॅग वर्षभर तशीच भरलेली होती हे मला त्या दिवशी कळलं.

बायकांसाठी 'सहचरी' म्हणून वेगळा गट असतो. तुम्ही आयांचा वेगळा गट करा. एकाच खोलीत आई आणि मुलगा असले की दोघंही खरं बोलत नाहीत.

कोण आलं नाही ते कसं कळणार असं विचारलंत. आम्ही जोड्या लावतो. गट मोठा असला की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी विचारेल. जोडी असली की ते काम माझंच असतं.

पुन्हा_एकदा

मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. मी ३४ वर्षांचा, कॅलिफोर्नियात ड्रग कोर्ट ग्रॅज्युएट, सहा वर्षं झाली. आई ही साइट वाचते, तिने लिंक पाठवली.

काकू, तुमच्या मुलाने पहाटे फोन केला ते वाचून मी गाडी बाजूला घेतली. मीही करायचो. कोणाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटतं आपण सुटलो म्हणून खूश असणार. पहिला महिना मला वाटायचं मी आता कोणाचाच नाही. कोर्टात मी कोणीतरी होतो, चांगला किंवा वाईट, पण माझी फाइल कोणीतरी उघडून वाचत होतं.

आमचा अलम्नाय ग्रुप, म्हणजे कोर्ट पूर्ण केलेल्यांचा गट, मी आणि दोघांनी मिळून सुरू केला. पहिला प्रयत्न फसला, तो सांगतो. आम्ही टीमलाच विचारून त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, त्यांच्याच कॉन्फरन्स रूममध्ये बैठक ठेवली. कोऑर्डिनेटर फार चांगली बाई होती, ती पिझ्झा घेऊन यायची आणि बसायची. कोणी एक शब्द खरा बोललं नाही. सगळे 'सगळं मस्त' म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात चौघंच उरले. त्या चौघांतला एक त्या काळात रोज पीत होता आणि 'सगळं मस्त' म्हणत होता.

दुसऱ्यांदा आम्ही एका टायरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू केला. दुकान एका ग्रॅज्युएटचं. न्यायाधीशांना वर्षातून एकदा बोलावतो, मे महिन्यात, कारण तो ड्रग कोर्टचा महिना असतो. त्या येतात, जेवतात, जातात. बाकी कोर्टाचं काम आमच्याकडे एकच: ग्रॅज्युएशनच्या दिवशी आमचा माणूस कोर्टात पहिल्या रांगेत बसतो. टाळ्या संपल्या की तो त्या नव्या मुलाला बाहेर गाठतो, दोघं जेवायला जातात, नंबर बदलतात. पत्रक नाही देत. जेवायला नेतो.

गाडीच्या लायसन्सचा प्रश्न लक्षात ठेवा. अर्ध्या लोकांची लायसन्सं गेलेली असतात. खोली बसच्या रस्त्यावर आहे का बघा. आणि वेळ: वेअरहाउसची दुसरी शिफ्ट असते, त्यांना संध्याकाळ जमत नाही. आम्ही महिन्यातून एक रविवार सकाळ ठेवली, तिथे सगळ्यात जास्त लोक येतात, कारण पोरांना घेऊन येतात.

रेवदंडा

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मनापासून आभार. माझा चुलतभाऊ एडिसनला असतो, त्याच्या घरी असंच काहीतरी चाललंय आणि कोणी बोलत नाही. हा धागा त्याला पाठवू का?

जास्वंद

जरूर पाठवा. माझा व्यक्तिगत निरोपाचा डबा उघडा आहे. गेली चार वर्षं मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की मी 'तो टेक्ससला असतो' म्हणायचे. तो वरच्या खोलीत असायचा. तुमच्या भावाच्या बायकोला सांगा, एक बाई आहे जिला काही समजावून सांगावं लागणार नाही.

ओहायोकर

पुन्हा_एकदा, तुमची कॉन्फरन्स रूमची गोष्ट मी आमच्या टीमला वाचून दाखवणार आहे. आम्ही हीच चूक आत्ता करतोय, पिझ्झ्यासकट.

पैशांबद्दल थोडं. सुरुवातीला संस्था नोंदवायच्या भानगडीत पडू नका, कॉफी आणि खोली एवढ्यावर वर्ष निघतं. पुढे अनुदान घ्यायचं असेल तेव्हा ना-नफा नोंदणी करा. वर्षाची आवक ५० हजार डॉलरच्या आत असेल तर छोटा फॉर्म आहे, फी २७५ डॉलर. ओपिऑइड, म्हणजे अफूसारखी व्यसन लावणारी वेदनाशामकं, विकणाऱ्या कंपन्यांकडून खटल्यांच्या तडजोडीत आलेले पैसे काउंट्यांकडे आहेत आणि असल्या कामासाठीच आहेत. काउंटीच्या सभेत तुमच्यासारख्या आईने तीन मिनिटं बोलणं हे आमच्यासारख्यांच्या वीस पानी अहवालापेक्षा जास्त ऐकलं जातं.

हडसनकाठ

राहण्याच्या जागेचं एक सांगायचं राहिलं. घरी परत जाता येत नसेल तर ऑक्सफर्ड हाउस बघा, व्यसनातून बाहेर पडलेल्यांनी एकत्र राहायची घरं. १९७५ मध्ये मेरीलँडमध्ये सुरू झालेली पद्धत, न्यू जर्सीतही घरं आहेत. पगारी कर्मचारी नाही, राहणारेच भाडं वाटून घेतात, मत देऊन निर्णय करतात. गट कसा चालवावा हे शिकायलाही चांगली जागा.

जास्वंद

चार महिन्यांनी परत लिहितेय. तुम्हा सगळ्यांचं ऐकून केलं ते सांगते.

सात बैठका झाल्या. पहिल्याला नऊ जण, दुसऱ्याला चार, मी घाबरले. आता बारा-तेरा येतात. कोर्टाचं कोणी खोलीत नसतं. दारावर माझ्या मुलाने वहीच्या कागदावर लिहून लावलंय की इथलं इथेच राहील, पण इथे वकील नाही. टेबलावर कॉफीशेजारी नॅलोक्सोनचा डबा, येईल त्याने खिशात टाकावा. आयांची बैठक वरच्या मजल्यावर वेगळी. पेठकरदादा, तुमचं खरं होतं, पहिल्याच दिवशी एक बाई दीड तास बोलली, आणि तिचा मुलगा खाली बसला होता हे तिला शेवटपर्यंत आठवलं नाही.

जोड्या लावल्या. माझ्या मुलाच्या जोडीला एक पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, वेअरहाउसला कामाला. मागच्या मंगळवारी तो आला नाही. फोन बंद. नऊ वाजता मुलगा म्हणाला, आई, मी जाऊन येतो. मीही गाडीत बसले. सगळ्या रस्त्यात आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. मी पर्समध्ये स्प्रे चाचपत होते.

दार वाजवलं. उघडेना. पुन्हा वाजवलं. मग आतून पावलं आली आणि त्याने दार उघडलं, बनियनवर, डोळे तांबारलेले. डबल शिफ्ट करून संध्याकाळी चारला झोपला होता, फोनची बॅटरी संपलेली. चिडला. 'एक बैठक चुकली म्हणून घरी येता?' म्हणाला. मुलगा म्हणाला, 'हो.' मग तो थोडा वेळ तसाच दारात उभा राहिला, आणि आत जाऊन त्याने चहाचं पाणी ठेवलं. साखर नव्हती घरात. तसाच प्यायलो.

पुढची बैठक २ तारखेला. रविवारची सकाळ पुढच्या महिन्यापासून सुरू करतोय, पोरांसाठी कोणाकडे जुने खेळ, चित्रांची पुस्तकं असतील तर मला निरोप करा, मी येऊन घेऊन जाईन.